फुलं भरपूर, फळ एकही नाही

मुरबाडहून एका शेतकऱ्यानं विचारलंय: लाल गराच्या ड्रॅगन फ्रूटला पावसाळ्यात कळ्या भरपूर येतात, रात्री फुलतात आणि चार-पाच दिवसांत पिवळ्या पडून गळतात. खत वाढवलं, बोरॉन फवारलं, फरक नाही.

पडणारही नाही. तुम्हीच लिहिलंय की सगळे फाटे एकाच झाडावरून आणले. मग शेतात पोल (झाड चढवायचे खांब) कितीही असोत, फुलांच्या लेखी ते एकच झाड. लाल गराच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. पहाटे मधमाश्या फुलात लोळून गेल्या तरी त्यांच्या अंगावरचा पराग घरचाच.

फुलाला हे कळतं कसं? अशा झाडांच्या स्त्रीकेसरात आणि परागात ओळख पटवणारी प्रथिनं असतात. दोन्हींची खूण जुळली की नकार. सगोत्र सोयरीक मोडते तसंच. मोहरीच्या कुळातल्या मुळा, कोबीत हा नकार कुक्षीवरच, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावरच मिळतो: परागकणाला ओलावा मिळत नाही, तो रुजतच नाही. तंबाखूच्या कुळात पराग रुजतो, त्यातून निघालेली नळी आत शिरते आणि वाटेतच थांबते. तिथलं एक विकर (एन्झाइम) नळीतलं आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायला लागणारा रेणू, तोडून टाकतं.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे, फक्त रात्री जागायची तयारी हवी. पांढऱ्या गराची किंवा दुसऱ्या लाल जातीची रोपं मिळवा आणि दर पाच-सहा पोलांमागे एक लावा. ती फुलेपर्यंत ओळखीच्या बागेतून पराग आणा. फूल पूर्ण उमललं की कोरड्या ब्रशनं पराग कुक्षीच्या सगळ्या बोटांवर भरपूर लावा. हात आखडू नका, जितक्या बिया धरतील तितकं फळ मोठं. फूल सकाळी मिटतं, त्याआधी काम उरका. आपल्याकडच्या पावसात भिजलेला पराग वाया जातो, म्हणून फुलावर कागदी टोपी घाला. कोरडा पराग हवाबंद डबीत फ्रीजमध्ये काही दिवस टिकतो. फळ साधारण महिन्याभरात तयार होतं.

बेलापूरच्या एका ताईंनी गच्चीवर बियांसाठी एकच मुळा राखला होता, शेंगा पोकळ निघाल्या. कारण तेच. पुढच्या वेळी निदान पाच-सहा झाडं फुलू द्या. (बियाणं तयार करणारे संशोधक कोवळी कळी उघडून तिच्यावर तिचाच पराग लावतात, तेव्हा नकार देणारं प्रथिन पुरेसं तयार झालेलं नसतं. गच्चीवर हा उद्योग नको.) भाताला ही अडचण नाही, त्याचं घरच्याच परागावर भागतं.

शहापूरच्या हापूसवाल्यांनो, तुमची कलमंही एकाच झाडाची. बागेत अधूनमधून केसर किंवा रत्ना जातीची झाडं असल्यास फळधारणेला मदत होते. पण मोहोर गळण्याचा सगळा दोष परागावर टाकू नका. आधी तुडतुडे आणि भुरी तपासा.