जनुकाची नुसती दुसरी प्रत तयार होऊन उत्क्रांतीत नवीन काय येणार? प्रत पडतानाची चूक म्हणजे बिघाडच ना?

नाही, बिघाड नाही. एका जनुकाची दोन झाली की एक जुनं काम सांभाळतं आणि दुसऱ्याला बदलायची मोकळीक मिळते. त्यात उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकातले बदल, साचत गेली तरी जिवाचं अडत नाही. सुसुमु ओहनो या आनुवंशशास्त्रज्ञांनी 1970 मध्येच हे ठासून मांडलं होतं. पण तुमचा ‘बिघाड’ हा शब्द मला लागला, कारण तो मी घरात वर्षानुवर्षं ऐकलाय.

मला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा मला दिसला नाही आणि हातातली नेमणूक गेली. त्या संध्याकाळी आत्या आईला म्हणाली, “वहिनी, हा तुमच्याच माहेरचा बिघाड. तुमच्या भावालाही आहे ना?” आई काही बोलली नाही. पुढे प्रत्येक लग्नकार्यात तेच वाक्य. मी आनुवंशशास्त्र शिकलो त्याचं निम्मं कारण हे वाक्य आहे.

आपल्या आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या सामाईक पूर्वजाकडे एक्स गुणसूत्रावर रंग ओळखणाऱ्या प्रथिनाचं एकच जनुक होतं. साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी ते दुप्पट झालं आणि प्रत मूळ जनुकाच्या शेजारीच बसली. आज त्यातलं एक प्रथिन, हिरव्याचं, 530 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त शोषतं, दुसरं, लालचं, 560 च्या आसपासचा. या दोन प्रथिनांतली सुमारे 96 टक्के अमिनो आम्लं अजून सारखीच आहेत, आणि हा फरक मुख्यतः तीनच जागांवरच्या बदलांमुळे पडतो. एवढ्यावर पिकलेलं फळ हिरव्या पानांतून उठून दिसायला लागलं. अमेरिका खंडातल्या हाउलर माकडांत हेच दुप्पट होणं स्वतंत्रपणे घडलं आणि त्यांनाही निळ्यासह तीन रंगांची दृष्टी मिळाली. नवीन काय येणार, याचं याहून स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही.

आता माझं. दोन जनुकं इतकी सारखी आणि शेजारी-शेजारी असली की अंडपेशी बनताना स्त्रीची दोन एक्स गुणसूत्रं जुळवून घेताना घसरतात, शर्टाची बटणं एक घर चुकून लागावीत तशी. मग देवाणघेवाणीत एका गुणसूत्राकडे हिरव्याची जादा प्रत जाते, दुसऱ्याकडची गळते. ज्यांना जादा मिळते त्यांना बहुधा पत्ताही लागत नाही. सामान्य दृष्टीच्या कितीतरी लोकांत हिरव्याच्या दोन-तीन प्रती असतात. माझ्यात ती गळलेली आहे, जनुकीय चाचणीत तसं दिसलं. म्हणजे ज्या सारखेपणामुळे मला हिरवा-लाल कळत नाही, तोच ही जनुकं एकाच जनुकाच्या प्रती असल्याचा पुरावा आहे. याला माहेरचा बिघाड म्हणणं अडाणीपणाचं आहे, मग म्हणणारी व्यक्ती वयाने कितीही मोठी असो.

हो, बहुतेक प्रती निकामीच होतात. माणसात वास ओळखणारी सुमारे 400 जनुकं चालू आहेत आणि निदान तेवढीच मेलेली पडून आहेत. सगळाच रंगांधळेपणा जनुक गळल्यानेही येत नाही. कधी डीएनएच्या एकाच अक्षराच्या बदलाने जनुक बंद पडतं. आणि उत्क्रांतीत नवं येण्याचा हा एकमेव रस्ताही नाही, जनुक कधी आणि कुठे चालू व्हायचं हे बदलूनही पुष्कळ काही घडतं.

तुमच्या घरात असं कुणी आईकडे बोट दाखवत असेल तर गप्प बसू नका. वडिलांकडून मुलाला वाय मिळतं, त्यामुळे मुलातला हा दोष आईच्याच एक्सवरून येतो, यात तिने केलेलं काहीच नसतं. माझ्या मामालाही तो आहे, म्हणजे ती घसरण आजीच्या आधी केव्हातरी, कुणा पूर्वजाच्या पेशीत झाली. आणि आत्याच्याही दोन्ही एक्स गुणसूत्रांवर ही जनुकं अशीच शेजारी बसलेली आहेत. तिच्या मुलाच्या वेळी ती तितकीच सहज घसरू शकली असती.