सर्च बॉक्सनं आधी शोधलेला शब्द लक्षात ठेवावा का?

तुमचा प्रश्न असा, की दुकानांसाठी बनवत असलेल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-एफ दाबल्यावर सर्च बॉक्स रिकामा उघडावा की मागचा शब्द त्यात असावा. टीममधल्या काहींना जुना शब्द खोडत बसायची कटकट वाटते.

शब्द ठेवा, पण सिलेक्ट केलेला ठेवा. एंटर दाबलं की जुनाच शोध पुढे चालतो, आणि नवं काही टाइप करायला घेतलं की पहिल्याच अक्षराला जुनं पुसलं जातं. खोडायचा प्रश्नच येत नाही. कर्सर जुन्या शब्दाच्या शेवटी लुकलुकत ठेवला तर कटकट होणारच, पण तो दोष लक्षात ठेवण्याचा नाही.

मी सदाशिव पेठेत पुस्तकांची मांडणी आणि प्रुफं करते, त्यामुळे दिवसभर 'शोधा आणि बदला' चालू असतं. मराठीत काम करणाऱ्याला ही सोय जास्तच लागते. 'करणाऱ्या' हाच शब्द घ्या. त्यातला र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या कोडांनी साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी येतो: कोणाच्या कीबोर्डवरून खाली टिंब असलेला स्वतंत्र ऱ उमटतो, तर कोणाच्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कोड जसेच्या तसे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. लेखकाच्या फाइलमधून उचललेला शब्द सापडतो आणि तोच हातानं टाइप केला की 'सापडला नाही'. एकदा लागू पडलेला शोध पुन्हा टाइप करायला लावू नका, असं मी म्हणते ते यासाठी. लिब्रेऑफिस मागच्या शोधांची यादी देतं, मजकूर सिलेक्ट करून बॉक्स उघडला तर तोच आत भरून देतं. वर्डमध्ये बॉक्स बंद केल्यावरही शिफ्ट-एफ४ नं शेवटचा शोध पुन्हा चालतो. प्रोग्रॅमरांच्या विम या एडिटरमध्ये तर नुसतं एन दाबायचं.

आता काय लक्षात ठेवू नये ते. शब्द डोळ्यांसमोर असतो, पर्याय नसतात. एक्सेलमध्ये एकदा 'संपूर्ण सेल जुळवा'वर टिक केली की पुढच्या शोधातही ती राहते, आणि ती टिक 'ऑप्शन्स' बटणामागे दडलेली असते. मग 'कुलकर्णी' शोधलं तर 'कुलकर्णी आणि कंपनी' सापडत नाही. माणूस 'सापडलं नाही' यावर विश्वास ठेवतो आणि त्याच गिऱ्हाइकाचं दुसरं खातं उघडून मोकळा होतो. हिशेबाच्या प्रोग्रॅमला याहून वाईट काही नाही. तेव्हा पर्याय एक तर दरवेळी मूळ जागी आणा, नाही तर बॉक्सशेजारी उघडे ठेवा, आणि काहीच सापडलं नाही तर तिथेच लिहा: 'संपूर्ण नाव जुळवा चालू आहे'.

राहिला खासगीपणा. लोक नाव काढून टाकलं की झालं असं समजतात. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध नावांऐवजी क्रमांक टाकून जाहीर केले होते, तरी पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एका बाईंचं घर गाठलं. तुमचं प्रकरण एवढं मोठं नाही, पण लक्ष्मी रोडवर काउंटरचा पडदा गिऱ्हाइकाला बिल दाखवायला सर्रास वळवतात. सर्च बॉक्समध्ये आधीच्या उधारीवाल्याचं नाव बसलेलं दिसलं, तर पेठेत बातमी संध्याकाळच्या आत फिरते. (आणि ती फिरवणाऱ्याला तुमच्या प्रोग्रॅमचं नावही पाठ असतं.) म्हणून बिलाच्या पडद्यावर हा बॉक्स दिसूच नये, आणि लॉगआउट झालं की शब्द पुसला जावा.

दुकानात प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आहे की सगळे मालकाच्याच नावानं बसतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वेगळं असेल तर मागच्या आठ-दहा शोधांची यादी खुशाल द्या. एकच असेल तर यादी नको. फक्त शेवटचा शब्द ठेवा, तोही प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच.