दहा जाती की दहा प्रजाती?

प्रश्न असा आहे : ‘हवाई बेटांवर स्कॅव्होलाच्या दहा प्रजाती सापडतात’ असं वाक्य वाचलं. स्कॅव्होला ही झुडपांची प्रजातीच ना? मग तिच्या आणखी दहा प्रजाती कुठून आल्या?

शंका रास्त आहे, वाक्य चुकलंय. मराठी वनस्पतिशास्त्रात उतरंड अशी : गण, कुल, प्रजाती, जाती. प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; जाती म्हणजे स्पीशीज. प्रजातीला ‘वंश’ही म्हणतात. रोजच्या हिंदीत मात्र स्पीशीजला ‘प्रजाति’ म्हणतात आणि तिथूनच ती मराठी बातम्यांत शिरली. ‘जात’ शब्दाला चिकटलेल्या सामाजिक अर्थामुळेही लिहिणारा बिचकत असावा. शिवाय ‘प्र’ लागला की शब्द कसा भारदस्त वाटतो!

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. ‘स्कॅव्होला टॅकाडा’ यातला पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचं नाव. नुसतं ‘टॅकाडा’ लिहून भागत नाही, कारण तेच विशेषण दुसऱ्या प्रजातीतल्या वनस्पतीलाही असू शकतं. ‘स्कॅ. टॅकाडा’ असा संक्षेप चालतो, पण आधी एकदा पूर्ण नाव दिलेलं हवं.

हवाईत या झुडपांना नौपाका म्हणतात. फूल हातात घेतलं तर अर्धं तोडल्यासारखं दिसतं : नळी एका बाजूनं चिरलेली, पाचही पाकळ्या दुसऱ्या बाजूला पंख्यासारख्या. स्कॅव्होला म्हणजे लॅटिनमध्ये डावखुरा. उजवा हात आगीत जाळून घेणाऱ्या म्यूकियस या रोमन वीराला मिळालेलं हे टोपणनाव.

हवाईतल्या दहा जातींपैकी नऊ जगात इतरत्र नाहीत. दहावी स्कॅ. टॅकाडा, ती भारताच्या किनाऱ्यांवरही वाढते. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं, की ही प्रजाती हवाईत तीनदा स्वतंत्रपणे पोहोचली : एकदा स्कॅ. टॅकाडा, एकदा पिवळ्या फुलांच्या स्कॅ. ग्लाब्राचा पूर्वज आणि एकदा उरलेल्या आठ जातींचा पूर्वज. आता या वाक्यात ‘जाती’च्या जागी ‘प्रजाती’ घालून पाहा : एकाच प्रजातीच्या पोटात आठ प्रजाती येतात आणि अर्थाचा पार विचका होतो.

म्हणून मूळ वाक्य असं हवं : ‘हवाई बेटांवर स्कॅव्होला प्रजातीच्या दहा जाती सापडतात.’ ‘जाती’ नकोच वाटत असेल तर सरळ ‘स्पीशीज’ लिहा. ‘प्रकार’ मात्र टाळा, तो जातीच्या आतल्या उपगटासाठी, म्हणजे व्हरायटीसाठी वापरला जातो.