सोन्याचे कण मोठे करू की लांब?

प्रश्न : प्रात्यक्षिकाला क्लोरोऑरिक आम्ल आणि सायट्रेट उकळून सोन्याचं लाल द्रावण केलं. त्याच सोन्यातून निळा किंवा हिरवा रंग काढायचा तर कण मोठे करत जायचे का? एका नळीत चिमूटभर मीठ टाकलं, तर द्रावण लगेच निळं झालं. मग हाच सोपा मार्ग नाही का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी मिठाचं. तो निळा रंग टिकणार नाही. सायट्रेटमुळे कणांवर ऋणभार असतो आणि त्यामुळेच ते एकमेकांपासून दूर राहतात. मिठाने तो भार झाकला जातो, कण चिकटतात, आणि नळी तशीच ठेवलीत तर तळाशी काळपट गाळ बसतो. कितीही हलवा, लाल परत येत नाही.

आता आकारमान. सायट्रेट कमी घेतलं की कण मोठे होतात, हे फ्रेन्सने 1973 मध्येच दाखवलं. पण 15 नॅनोमीटरचा गोल कण 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळचा प्रकाश शोषतो आणि 100 नॅनोमीटरचा 570च्या आसपास. एवढ्या खटाटोपातून मिळतो तो गढूळ जांभळट रंग. ‘आकारमान बदला, रंग बदलेल’ हे जिथे तिथे छापलेलं असतं. सोन्याच्या गोल कणांना ते फारसं लागू पडत नाही.

खरी किल्ली आहे लांबी-रुंदीचं गुणोत्तर. कणातले मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर मागेपुढे झुलतात. गोळीत सगळ्या दिशा सारख्या. दांडीत मात्र लांबीच्या दिशेचं झुलणं संथ होतं, म्हणून शोषणाचा पट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो. लांबी रुंदीच्या अडीच पट असेल तर द्रावण निळसर दिसतं. चौपट झाली की पट्टा 800 नॅनोमीटरजवळ, म्हणजे अवरक्तात जातो.

दांड्या बीज लावून वाढवतात. सीटॅब या साबणासारख्या रसायनात सोन्याचा क्षार घेऊन बर्फगार सोडियम बोरोहायड्राइड घातलं की तपकिरी बीजं, म्हणजे सोन्याचे अगदी बारीक कण, तयार होतात. दुसऱ्या भांड्यात सीटॅब, सोन्याचा क्षार आणि किंचित सिल्व्हर नायट्रेट. त्यात अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल टाकून ढवळलं की पिवळेपणा डोळ्यांदेखत उडतो आणि द्रावण पाण्यासारखं होतं. त्यात बीजाचे अगदी थोडे मायक्रोलिटर घाला, एकदा हलवा आणि मग हात लावू नका. पंधरा-वीस मिनिटांत रंग चढतो. (या पंधरा मिनिटांत नळी उचलून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो.) सिल्व्हर नायट्रेट वाढवलं की दांड्या लांबतात, पण एका मर्यादेपर्यंतच. भांडं 27 ते 30 अंशांवर ठेवा. गारठलं की सीटॅबचे स्फटिक पडतात.

चौपट लांबीच्या दांड्यांचं द्रावण पुन्हा लालसर-तपकिरी दिसतं, कारण त्यांचा मोठा पट्टा डोळ्यांच्या टप्प्याबाहेर गेलेला असतो. तेव्हा रंग बघून निष्कर्ष काढू नका, वर्णपट घ्या. 510-520जवळचं छोटं शिखर आणि पलीकडे उंच शिखर दिसलं, तर दांड्या जमल्या. पहिलंच उंच असेल तर बहुतेक गोळ्याच झाल्यात. अशा वेळी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि बोरोहायड्राइड दोन्ही ताजी बनवून घ्या.