वकिलाला विचारा : मशीन अडलं, ॲडव्हान्सही अडकला

प्रश्न : पीथमपूरला आमचं औषधाच्या गोळ्या पॅक करणारी मशीनं बनवायचं लहान युनिट आहे. हिशेब मी बघते. 2022 च्या जानेवारीत रशियातल्या एका कंपनीची दोन मशीनची ऑर्डर घेतली. त्यांचा तीस टक्के ॲडव्हान्स आला, आम्ही दहा टक्क्यांची बँक गॅरंटी दिली, म्हणजे आम्ही चुकलो तर बँक त्यांना पैसे देणार. मशीनचे सर्वो मोटर आणि ड्राइव्ह हे भाग जर्मनीहून यायचे होते, तिथल्या कंपनीला आम्ही ॲडव्हान्स पाठवला. 2023 च्या जुलैत त्यांचं पत्र आलं : निर्बंधांमुळे माल देता येत नाही आणि याबद्दल कुठलाही दावा चालणार नाही. ॲडव्हान्सबद्दल चकार शब्द नाही. इकडे रशियन कंपनी गॅरंटी वटवायची धमकी देते आणि वर म्हणते, तुम्ही जर्मन कंपनीवर दावा ठोका, निम्मा खर्च आम्ही देऊ. यजमान म्हणतात, देताहेत तर घेऊ या. काय करावं?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, यजमानांना आजच सांगा, त्या निम्म्या खर्चाला हात लावायचा नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

जर्मन कंपनी ज्याच्या जोरावर बोलतेय, तो युरोपियन युनियनचा 2014 चा 833 क्रमांकाचा नियम, त्यातलं कलम 11. रशियावरच्या निर्बंधांमुळे जो करार थेट किंवा आडवळणाने अडला, त्यापोटी केलेली मागणी पुरी करायची नाही, असं ते सांगतं. पण कोणाची मागणी? निर्बंधांच्या यादीतल्या कंपन्यांची, इतर रशियन व्यक्तींची आणि संस्थांची, आणि त्यांच्या वतीने मागायला येणाऱ्यांची. पीथमपूरचं युनिट यात कुठे बसतं? जर्मन कंपनीने कलमाचा पहिला अर्धा भाग तुम्हाला दाखवला आणि दुसरा झाकून ठेवला. मात्र त्याच कलमात पुढे असंही आहे की, आपली मागणी या बंदीत येत नाही हे मागणाऱ्यानेच सिद्ध करायचं. आता तुमच्या वकिलाची फी रशियातून आली, तर ‘आम्ही आमच्यासाठीच मागतोय’ हे कोणत्या तोंडाने सांगाल?

माल का दिला नाही, यावर वेळ घालवू नका. माल कुठे वापरला जाणार या रकान्यात तुम्ही रशिया लिहिलं असणार, आणि बंदी असलेला माल रशियात वापरायला जाणार असेल तर युरोपची कंपनी तो तुमच्याकडेही पाठवू शकत नाही. भांडण फक्त तुमच्या ॲडव्हान्सचं ठेवा.

असली कलमं आली कुठून, हे मी जवळून पाहिलंय. 6 ऑगस्ट 1990 ला सुरक्षा परिषदेने 661 क्रमांकाच्या ठरावाने इराकशी व्यापार बंद केला, तेव्हा माझ्या एका पक्षकाराचे डिझेल पंप मुंबईच्या गोदीतून परत आले. माल गेला नाही, पण त्याने दिलेली बँक गॅरंटी जिवंत होती, आणि बगदादहून फॅक्स यायचे : मुदत वाढवा नाही तर पैसे द्या. सहा-सात महिने बँक आणि आम्ही, अशी ओढाताण चालली. मग 3 एप्रिल 1991 च्या 687 क्रमांकाच्या ठरावातला 29 वा परिच्छेद आला : बंदीमुळे अडलेल्या करारापोटी इराक सरकारचा, तिथल्या कोणा व्यक्तीचा-संस्थेचा किंवा त्यांच्या वतीने कोणाचा दावा कुठल्याही देशाने चालू द्यायचा नाही. नाही तर ज्याच्यावर बंदी घातली त्यालाच नुकसानभरपाई, असा उफराटा न्याय झाला असता. फाइल काढून बँकेत गेलो, तर फॅक्सच्या त्या गुळगुळीत कागदावरची निम्मी अक्षरं उडून गेलेली. उन्हात तिरपा धरून वाचून दाखवला मॅनेजरना.

तेव्हाची ढाल सगळ्या देशांनी मिळून धरली होती. आताची युरोपची आहे आणि ती युरोपच्या कोर्टात चालते. भारताने रशियावर निर्बंध घातलेले नाहीत, त्यामुळे रशियन कंपनी तुमच्यावर उलटली तर इथल्या न्यायाधीशापुढे असं कुठलंही कलम नाही. तुमच्या हाती राहतं 1872 च्या करार कायद्याचं कलम 56, अशक्य झालेला करार रद्द. ते मात्र वाटतं तितकं मोठं छत्र नाही. इंडोनेशियातला कोळसा महागला म्हणून करारातून सुटू पाहणाऱ्या वीज कंपन्यांना सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं की, महाग पडणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. म्हणून ऑर्डरचा कागद काढा. त्यात त्या जर्मन कंपनीचंच नाव आणि मॉडेल लिहिलेलं असेल तर तुमची बाजू बरी. नुसतं ‘सर्वो ड्राइव्ह’ असेल, तर समोरचा विचारेल, जपानी का नाही बसवला? दुसरा ड्राइव्ह बसवून द्यायची तयारी असेल तर आत्ताच लेखी कळवा.

आणि करार रद्दच झाला, तर कलम 65 प्रमाणे त्यांचा तीस टक्के ॲडव्हान्स तुम्हाला परत करावा लागेल. तो खर्च झाला असेल याची मला कल्पना आहे. पण गॅरंटी थांबवायचा तोच सोपा रस्ता : हप्त्याने परतफेडीचा लेखी प्रस्ताव द्या, बदल्यात मूळ गॅरंटी परत मागा. कोर्टाकडून मनाई हुकूम मिळेल या भरवशावर राहू नका. ठळक फसवणूक किंवा कधीच भरून न निघणारं नुकसान दाखवल्याशिवाय बँक गॅरंटीला कोर्ट हात लावत नाही.

पुढच्या ऑर्डरसाठी एक बारकावा. पुष्कळ जण इंटरनेटवरून कलम उचलतात, ‘निर्बंध आल्यास कोणीही कोर्टात जाणार नाही.’ आपल्याकडे कलम 28 प्रमाणे कोर्टाची वाट बंद करणारी अट रद्दबातल ठरते. (लवाद नेमता येतो, तो अपवाद.) त्याऐवजी लिहा, ‘कोणत्याही देशाच्या निर्बंधामुळे सुटा भाग मिळाला नाही, तर विक्रेत्यावर भरपाईची जबाबदारी नाही, ॲडव्हान्स इतक्या दिवसांत परत, गॅरंटी त्याच दिवशी संपली.’ पहिल्या वाक्यात हक्क बजावायची वाट अडवलीय, दुसऱ्यात जबाबदारी कोणावर ते ठरवलंय. पहिलं टिकत नाही, दुसरं टिकतं.

जर्मन कंपनीशी झालेल्या करारात वाद कुठे चालवायचा लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत, ते आधी बघा. आपल्या मुदत कायद्याने पैसे परत मागायला तीन वर्षं. पत्र 2023 च्या जुलैतलं, म्हणजे 2026 च्या जुलैच्या आत नोटीसच नव्हे, दावा किंवा लवादाची मागणी गेलेली हवी. त्याआधी त्यांनी ‘तुमचे इतके पैसे आमच्याकडे आहेत’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं मिळतात. तेव्हा पहिली चिठ्ठी भांडणाची नको, आपल्या खात्यावर शिल्लक किती दिसते, एवढंच साधं विचारणारी पाठवा. हिशेब तुम्हीच बघता, तुम्हीच लिहा.