बुबुळाच्या कडेचा पांढरट डाग : वडस की आणखी काही?

प्रश्न : माझे वय ६२ आहे. उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या बाहेरच्या कडेला, वर्षभरापासून पांढरट, किंचित उंच डाग आहे. आधी तो वडस (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर सरकणारी मांसल वाढ) असल्याचे सांगण्यात आले. आता दुसऱ्या डॉक्टरांना कर्करोगपूर्व वाढीची शंका येते. डोळा दुखत नाही, दिसतेही नीट. बायॉप्सी (तुकडा काढून तपासणे) टाळता येईल का? नुसत्या थेंबांनी हे बरे होते का?

उत्तर : डोळा दुखत नाही आणि नीट दिसते, एवढ्यावरून निश्चिंत राहता येणार नाही, कारण अशी वाढ बराच काळ काहीच त्रास देत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींची रचना बिघडते, पण त्या आपल्या थराखालचा तळपडदा ओलांडत नाहीत, तोवर अवस्था कर्करोगपूर्व समजली जाते. तो ओलांडला की तो स्क्वेमस, म्हणजे पृष्ठभागावरील चपट्या पेशींचा कर्करोग.

वडस बहुधा नाकाच्या बाजूने, त्रिकोणी आकारात बुबुळावर सरकतो. याउलट या वाढीचा पृष्ठभाग जेलीसारखा, खडूसारखा पांढरा किंवा बारीक लाल ठिपक्यांचा असतो आणि तिच्याकडे जाड, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या जाताना स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. फसगत होते ती ही वाढ वडसातच दडलेली असते तेव्हा. म्हणून वडस समजून काढलेला तुकडाही पॅथॉलॉजीच्या तपासणीला पाठवलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रोझ बेंगाल किंवा लिसामिन ग्रीन या रंगांनी वाढीची हद्द उठून दिसते. डोळ्याच्या पुढील भागाच्या ओसीटी तपासणीत (प्रकाशाने थरांचे आडवे छेद दाखवणारे चित्रण) वरचा थर जाड व जास्त चकचकीत दिसतो आणि निरोगी थरापासून तो एकदम वेगळा पडतो. हे चित्र अगदी स्पष्ट असेल, तर काही तज्ज्ञ बायॉप्सीशिवायही थेंब सुरू करतात. खात्रीचे निदान मात्र बायॉप्सीनेच होते, आणि वाढ खोल गेल्याची शंका असेल तर ती टाळू नये.

नुसत्या थेंबांनीही ही वाढ बरी होऊ शकते, हे खरे आहे. ५-फ्लुरोयुरॅसिल (१ टक्का), मायटोमायसिन-सी आणि इंटरफेरॉन अल्फा-२बी ही त्यासाठीची औषधे. पसरट, हद्द अस्पष्ट असलेल्या वाढीत थेंबांचा विशेष फायदा, कारण ते नजरेस न पडणाऱ्या पेशींपर्यंतही पोहोचतात. ५-फ्लुरोयुरॅसिल बहुधा आठवडाभर दिवसातून चार वेळा घालून मग तीन आठवडे खंड, अशा फेऱ्यांनी देतात. थेंब घालताना हातमोजे वापरावेत, पापणीवर ओघळलेले औषध लगेच पुसावे आणि गर्भवती स्त्रीने ते हाताळू नये. मायटोमायसिनने डोळा अधिक चुरचुरतो. शिवाय औषध नाकात उतरू नये, म्हणून ते वापरताना अनेकदा अश्रुछिद्रे (अश्रू नाकाकडे नेणारी, पापणीच्या कडेची बारीक छिद्रे) तात्पुरती बंद करतात.

वाढ लहान आणि हद्द स्पष्ट असेल, तर शस्त्रक्रियेने एका बैठकीत निदान आणि उपचार दोन्ही होतात. शल्यचिकित्सक वाढीला थेट हात न लावता, भोवतीची सुमारे ४ मिलिमीटर निरोगी कड घेऊन ती काढतात आणि उरलेल्या कडांना अतिशीत उपचार देतात, म्हणजे त्या गोठवतात. कडेला बिघडलेल्या पेशी राहिल्या, तर वाढ परत येण्याची शक्यता वाढते. तेव्हा पुढे थेंब जोडता येतात.

अतिनील किरणे, धूम्रपान आणि क्षीण प्रतिकारशक्ती यांनी धोका वाढतो, म्हणून एचआयव्हीची चाचणीही सुचवली जाते. त्यात मानहानीकारक काही नाही. ही वाढ काही वर्षांनीही परत येऊ शकते. त्यामुळे डोळा स्वच्छ दिसू लागल्यावरही तपासण्या सोडू नयेत, आणि प्रत्येक भेटीत आधीचे छायाचित्र व ओसीटी सोबत ठेवावे.