साध्या डिझाइनचे पैसे ग्राहकाने का द्यावेत?

साध्या डिझाइनला एवढे मोल का द्यायचे, आणि ‘यात तुम्ही केले तरी काय?’ असे विचारणाऱ्या ग्राहकाला काय सांगायचे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात, मुख्यतः भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांसाठी, यंत्रांची कंट्रोल पॅनेल आखण्याचे काम करतो आणि हा प्रश्न मलाही नेहमी ऐकावा लागतो. माझे मत असे की प्रत्येक कामात काही गुंतागुंत अटळ असते. ती वापरणाऱ्याने सोसायची की बनवणाऱ्याने, एवढेच ठरवणे आपल्या हाती असते. संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांनी हाच विचार नियमाच्या रूपात मांडला होता.

पत्रा कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या पॉवर प्रेसचे पॅनेल पाहा. समोर एकमेकांपासून अंतर ठेवून बसवलेली दोन मोठी बटने असतात आणि ती दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, बाहेर असतात. हे ऑपरेटरला एका वाक्यात समजते. मात्र पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन, काम करणारा माणूस वेग वाढवण्यासाठी एक बटन चिकटपट्टीने दाबून ठेवतो, हे शॉपवर, म्हणजे कारखान्यात यंत्रापाशी, उभे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पॅनेलच्या आत असा रिले (विजेवर चालणारा स्विच) बसवावा लागतो, जो दोन्ही बटने अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली का हे तपासतो, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक देतच नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोनच बटने दिसतात. पण ज्याची बोटे शाबूत राहतात, त्याच्या दृष्टीने त्या डिझाइनमध्ये बरेच काही असते.

मतदानयंत्राचेही तसेच आहे. मतदारापुढे नाव, चिन्ह, निळे बटन आणि लाल दिवा असतो. ज्याला वाचता येत नाही त्याला चिन्ह पुरते. दुसऱ्यांदा दाबलेले बटन मोजायचे नाही, वीज नसली तरी बॅटरीवर चालायचे, मते जपायची, ही सारी जबाबदारी यंत्राने आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला कंट्रोल युनिट सांभाळणाऱ्या मतदान अधिकाऱ्याने उचललेली असते. 2017 च्या पुणे महापालिका निवडणुकीत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते आणि एकेका मतदाराला चार मते द्यायची होती. बटन तेच, दिवा तोच, तरी अनेकांना आधी समजावून सांगावे लागले, कारण या वेळी गुंतागुंत नियमातूनच मतदाराकडे आली होती. ती निस्तरणे यंत्राच्या डिझाइनरच्या हाती नव्हते.

दिसायला मोकळे ते साधे, हा समज मात्र सोडायला हवा. सगळी बटने काढून टचस्क्रीन लावला आणि कूलंट (काम चालू असताना थंडावा देणारा द्रव) बंद करण्यासाठी तीन मेनू उघडावे लागले, तर ते पॅनेल फोटोत सुंदर दिसेल, पण पाळीवरच्या माणसाला जाच होईल. वारंवार लागणाऱ्या गोष्टींसाठी हाताशी वेगळे बटन द्यावे, मग संख्या वाढली तरी चालेल.

ग्राहकाला समजावताना मी चित्रे दाखवत नाही. जुन्या पॅनेलवर ऑपरेटरने मार्करने काढलेले बाण आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी त्याला शॉपवर नेऊन दाखवतो, आणि प्रत्येक चिठ्ठी कोणत्या अडचणीपायी लागली हे त्याच ऑपरेटरला सांगायला लावतो. कोटेशनमध्येही ‘डिझाइन’ अशी एकच ओळ न लिहिता पाळीवरचे निरीक्षण, लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या नमुन्यावरची चाचणी आणि आतील सुरक्षा-वायरिंग यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहाव्यात. पैसे कशाचे, यावरची घासाघीस त्यानंतर बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.